तीनचाकी मोटरसायकल: आधी मागच्याला बसवून बघा

तीन चाकं म्हटली की पडायची भीती गेली, एवढ्यावरच बरेच जण या गाड्यांकडे वळतात. चालवणाऱ्यापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण मागे किंवा बाजूला बसणाऱ्याचं काय? त्याच्या हातात हँडल नसतं, पुढचा खड्डा त्याला दिसत नाही, ब्रेक कधी लागणार हे त्याला ब्रेक लागल्यावरच कळतं. दोघांसाठी गाडी घ्यायची तर ती त्याच्या जागेवर बसून पारखावी लागते. म्हणून इथे हॉर्सपॉवरचे आकडे गरजेपुरतेच येतील. चढता-उतरता येतं का, वळणावर अंग कुठे फेकलं जातं, आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडने कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत आल्यावर कंबर काय म्हणते, यावर भर आहे.

आधी गाड्यांच्या जाती वेगळ्या करू, कारण ‘थ्री व्हीलर बाइक’ या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पुढे दोन, मागे एक चाक आणि वळणावर न झुकणारी: कॅन-अ‍ॅम स्पायडर. पुढे एक, मागे दोन: हार्लेची ट्राय ग्लाइड. पुढची दोन चाकं गाडीबरोबर झुकणारी: पियाजिओ एमपी३, यामाहाची ट्रायसिटी आणि नायकेन. आणि चौथी आपल्याकडची जुनी ओळखीची, साइडकार. पहिल्या तीन जातींतली गाडी इथल्या शोरूममध्ये जाऊन, टेस्ट राइड घेऊन, लोन करून घरी आणावी असा प्रकार नाही. सहसा आयात केलेली किंवा एकदा हात बदललेलीच मिळते. तेव्हा घ्यायच्या आधी सुट्या भागांचा प्रश्न विचारून घ्या. ड्राइव्ह बेल्ट आणि पुढचे ब्रेक पॅड किती दिवसांत येतील, याचं उत्तर ‘बघू’ असेल तर तिथूनच परत फिरलेलं बरं.

आता खड्ड्यांचं गणित, जे गाडीच्या माहितीपत्रकात कधीच नसतं. दुचाकी रस्त्यावर एक रेघ सोडते. स्पायडर किंवा ट्राय ग्लाइड तीन रेघा सोडते: डावी, उजवी आणि मधली. कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जातो, पण ट्राइकचं एक चाक मधेच असतं. खड्डा मधे घेतला तर ते चाक आत जातं आणि चुकवायला गेलात तर बाजूचं जातं. रिक्षात बसून घोडबंदर रोडने गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको, कारण रिक्षाच्याही तीनच रेघा. साइडकारचं वेगळं आहे. बाइकची दोन्ही चाकं एका रेघेत आणि साइडकारचं चाक दुसऱ्या, म्हणजे एकूण दोनच रेघा. खड्डा मधे घेता येतो. निव्वळ या एका कारणासाठी आपल्या रस्त्यांवर साइडकारला बाकीच्यांपेक्षा जास्त गुण द्यावे लागतात.

स्पायडर आरटी ही लांब पल्ल्याची गाडी म्हणून उत्तम आहे, यात वाद नाही. १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन, ११५ हॉर्सपॉवर, अंगठ्याने बदलायचे गिअर, रिव्हर्स गिअर, मागच्याला रुंद सीट आणि पाठीला टेका. पाम बीच रोडवर सकाळी सहा वाजता वाशीहून बेलापूरला जायचं असेल तर दोघंही खूश. पण गाडीचा तळ जमिनीपासून साधारण ११५ मिलिमीटरवर आणि गाडी रिकामी असतानाच साडेचारशे किलोच्या पुढे. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. दोन माणसं बसून सस्पेन्शन दबलं की त्यावरूनच गाडी जेमतेम जाते. सोसायटीच्या गेटसमोर वॉचमनच्या सल्ल्याने ओतलेला काँक्रीटचा अरुंद उंचवटा तर खरवडूनच जाणार. तिरकी काढून बघाल, तर चाकं एकेक करून चढतात आणि मागचा माणूस तीनदा हलतो.

या गाडीला हँडलवर ब्रेकच नसतो. उजव्या पायाचं एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. वीस वर्षं लिव्हरवर बोटं ठेवून चालवलेल्या माणसाचा हात पहिले काही दिवस हवेतच आवळला जातो. वळवायचंही उलटं शिकावं लागतं: झुकायचं नाही, हँडल सरळ त्या बाजूला ढकलायचं. गाडी झुकत नाही म्हणून अंग बाहेर फेकलं जातं. चालवणारा हँडलला धरून असतो, मागच्यालाही धरायला काहीतरी हवं. पावसाळ्यात आणखी एक खोड दिसते. पुढची दोन रुंद चाकं आणि प्रत्येकावर वजन बेताचं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर ती तरंगू बघतात. जुलैमध्ये वंदना सिनेमाजवळ पाणी भरलं की ही गाडी घरी ठेवावी.

ट्राय ग्लाइडवर मागच्याची बैठक सगळ्यांत थाटाची. उंच पाठ, हात टेकायला जागा, मागे मोठी डिकी. पाहताक्षणी वाटतं, बस, हीच. पण मागची दोन चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर आहेत आणि मागचा माणूस बरोबर त्या अ‍ॅक्सलच्या वर बसतो. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो. सीटवर तो हेलकावा थोडा असतो, डोक्यापर्यंत जाईस्तोवर मोठा होतो. चालवणारा पुढे आणि खाली बसलेला असल्यामुळे त्याला त्यातलं निम्मंही कळत नाही, आणि ‘तुला उगाच लागतं’ हा घरगुती वाद तिथून सुरू होतो. शिवाय १८६८ सीसीच्या इंजिनाची झळ. सायन-पनवेल महामार्गावर मे महिन्यात ट्रॅफिक थांबलं की मांड्या शेकतात. सलग मागच्या अ‍ॅक्सलची नवी गाडी घेण्यापेक्षा, दोन्ही मागची चाकं स्वतंत्र वरखाली होणारं किट बसवलेली होंडाची गोल्डविंग कुणी विकत असेल तर ती मागच्या माणसाला सुखाची पडेल.

झुकणाऱ्या तीनचाकीत चालवणाऱ्याला सगळ्यांत जास्त मजा आणि मागच्याला सगळ्यांत कमी नवलाई. दुचाकीवर बसायची सवय असेल तर काहीच वेगळं शिकायला नको. अंग बाहेर फेकलं जात नाही, कारण गाडी वळणात झुकते. पुढची दोन चाकं चिखलावर, ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा खडीवर पटकन निसटत नाहीत. एमपी३ २००६ साली आली तेव्हापासून तिचा खरा गुण म्हणजे सिग्नलला बटण दाबून झुकाव बंद करता येतो, पाय खाली टेकवावा लागत नाही. मात्र ही सोय सगळ्या झुकणाऱ्या गाड्यांना असते असं समजू नका. नायकेनला ती नाही. तीन चाकं असूनही सिग्नलला ती दुचाकीसारखीच पडू शकते, आणि वजन अडीचशे किलोच्या वर. ज्याचे गुडघे दुखतात म्हणून तीनचाकी शोधताय, त्याच्यासाठी नायकेन घेणं म्हणजे रोग एक, औषध भलतंच.

या तिन्ही जातींत एक अडचण समान आहे आणि परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेख सापडणार नाही. आपल्याकडे साडी नेसलेल्या कितीतरी बायका मागे एका बाजूला पाय सोडून बसतात. झुकणाऱ्या गाडीवर हे एक वेळ निभतं. न झुकणाऱ्या ट्राइकवर अजिबात बसू देऊ नये. दोन्ही पाय डावीकडे आहेत आणि गाडी उजवीकडे वळली की अंग थेट बाहेर, पायांच्या दिशेने घसरतं. पकडायला एकच कडी असते आणि ती चुकीच्या हाताला येते. आई किंवा सासूबाई पाय टाकून बसणार नसतील तर ट्राइकचा विचार तिथेच संपवा. साइडकारमध्ये हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून साइडकारकडे नीट वळू. कायद्याच्या दृष्टीनेही ती वेगळी आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२७) मध्ये मोटरसायकलची व्याख्या करतानाच, जादा चाक असलेली आणि काढता येणारी साइडकार तिच्यात धरली आहे. याचा अर्थ कोणत्याही गॅरेजमध्ये जाऊन काहीही जोडून घ्यावं असा नाही. आरसीवरच्या नोंदीत बसणार नाही असा बदल कलम ५२ खाली अडकतो. तेव्हा कामाला हात लावायच्या आधी ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओत, गाडी जिथे नोंदलेली असेल तिथे, लेखी अर्ज करून नोंद कशी होणार ते विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीवर उल्लेख करून घ्या. साइडकारमध्ये बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कारण कलम १२९ मोटरसायकलवरून नेल्या जाणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, वय वर्षं चारच्या आतली मुलं आणि पगडी बांधलेले शीख सोडून.

गाडी कोणती? आमचं मत रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० च्या बाजूने, आणि कारण ताकदीचं नाही. तिचा सायलेन्सर उजवीकडे आहे आणि साइडकार आपल्याकडे डावीकडे लागते. त्यांच्याच इंटरसेप्टर ६५० किंवा सुपर मीटिऑर ६५० ला दोन सायलेन्सर, त्यातला एक बरोबर बसणाऱ्याच्या उजव्या कानाखाली. आवाज, धूर, उष्णता, तिन्ही त्याच्या वाट्याला. घाट रोजचा असेल आणि माणसं भारदस्त असतील तर ६५० चे ४७ हॉर्सपॉवर उपयोगी पडतात. नाहीतर क्लासिकचे २० हॉर्सपॉवर आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क शहरात पुरतात. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर ४० टक्के, हाही फरक हिशेबात घ्या. अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवा. गाडी १९५ किलो, साइडकार सत्तर ते शंभर, वर दोन माणसं. सव्वाचारशे किलोच्या आसपास ओझं ओढायचं आहे. साठच्या वेगापर्यंत गाडी खुशीत असते, त्यापुढे कण्हते. गायमुख घाटात खालचा गिअर लागणार. मायलेज पाव ते एक तृतीयांश कमी धरा. पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी केला की क्लच जास्त टिकतो. हे काम स्वस्त आहे आणि तरी बहुतेक जण ते टाळतात.

उरल गिअर अप हा तयार साइडकारचा मोठा ब्रँड. ७४९ सीसी, शाफ्ट ड्राइव्ह, रिव्हर्स, आणि चिखलात साइडकारचं चाकही फिरवता येतं. पण मूळ रचनेत साइडकार उजवीकडे. आपण डावीकडून चालतो. बसणारा समोरच्या ट्रकच्या बाजूला बसणार आणि उतरताना भर रस्त्यात पाय ठेवणार. दिसायला कितीही झकास असली तरी घोडबंदरवर ती नको.

साइडकार चांगली की वाईट हे पत्र्यापेक्षा जोडणीवर ठरतं, म्हणून हा भाग लांबतोय. जोडणी चार ठिकाणी हवी, दोन खाली, दोन वर. तीन ठिकाणी जोडून ‘मजबूत आहे साहेब’ म्हणणारा मेकॅनिक असेल तर निघा. बाइकच्या फ्रेमवर थेट वेल्डिंग करू देऊ नका, क्लॅम्प किंवा वेगळी खालची फ्रेम लावून घ्या. वेल्डिंगच्या कडेलाच फ्रेमला तडा जातो आणि रंगाखाली तो महिनोन् महिने दिसत नाही. साइडकारचं चाक बाइकच्या मागच्या चाकाच्या रेषेत नको, १५ ते २५ सेंटिमीटर पुढे हवं. मागे राहिलं तर उजव्या वळणावर ब्रेक लावताच साइडकारचं नाक जमिनीकडे जातं आणि मागचं चाक हलकं होतं.

मग अलाइनमेंट. सपाट फरशीवर गाडी उभी करा. बाइकच्या दोन्ही चाकांना टेकवून एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, साइडकारच्या चाकाला टेकवून दुसरी. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या समोर मोजा, मग मागच्या चाकाच्या पाठीमागे मोजा. पुढचं अंतर १५ ते २० मिलिमीटर कमी भरलं पाहिजे, म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत बघतं. जास्त आत बघत असेल तर टायर महिनाभरात खरवडला जातो. शून्य असेल तर गाडी सतत डावीकडे ओढते आणि चालवणाऱ्याचा उजवा खांदा संध्याकाळी दुखतो. बाइक स्वतः सरळ उभी नको, साइडकारपासून उलट्या बाजूला एक ते दीड अंश कललेली हवी. कारण साधं आहे: पाणी वाहून जावं म्हणून आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण डाव्या कडेने जातो. बाइक फरशीवर उजवीकडे कललेली असेल तरच रस्त्यावर ती सरळ चालते. हे सगळं माप वजन ठेवूनच घ्यायचं. बसणारा माणूस दोन तास गॅरेजमध्ये बसणार नाही. पन्नास किलोची सिमेंटची गोणी सीटवर ठेवा, चालवणाऱ्याला सीटवर बसवा, मग मोजा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप माणूस बसला की बदलतं. ‘पंधरा दिवस छान होती, मग ओढायला लागली’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा माप रिकाम्या गाडीवर घेतलेलं असतं किंवा बोल्ट सैल पडलेले असतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

तीस ते पन्नासच्या वेगात हँडल थरथरत असेल तर आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) तपासा, मग टायरमधली हवा, मग स्टीअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा भाग). क्लासिकला मूळचा साइड स्टँड डावीकडे, तो काढावा लागतो आणि त्याच्याबरोबर इंजिन बंद करणारा सेन्सरही. सेन्सर तसाच लोंबकळत सोडला तर पावसात गाडी अधूनमधून बंद पडते आणि मेकॅनिक मात्र पेट्रोल पंपाला दोष देत बसतो. डावा पाय बुटासकट गिअरच्या लिव्हरखाली जातो का, हे पैसे देण्याआधी बघा. पुढची खालची दांडी नेमकी तिथे आडवी येते. साइडकारच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक हवा. मागच्या एबीएसच्या नळीला टी-जॉइंट मारून तो जोडू नका, वेगळी यंत्रणा लावा. ब्रेक नसेल तर जोरात थांबताना साइडकार पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे वळते, म्हणजे समोरून येणाऱ्यांकडे.

चालवणं दुचाकीसारखं नाही, हे पहिल्या दिवशीच पटवून घ्या. गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते, सोडला की उजवीकडे. रिकामी साइडकार घेऊन डावीकडे सर्व्हिस रोडला वेगात उतरलात तर तिचं चाक हवेत उचललं जातं. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि हलक्या गॅसवर वळण काढायचं. एकटे जाणार असाल तर साइडकारच्या तळाला, चाकाच्या जवळ, वीस-पंचवीस किलोची वाळूची पिशवी बांधा. रविवारी वागळे इस्टेटमधल्या रिकाम्या रस्त्यावर डावीकडचे गोल पंधरा-वीसच्या वेगात काढून चाक कधी उचलतं ते हाताला कळू द्या. मगच कुणाला बाजूला बसवा.

बसणाऱ्याचं सुख आता. साइडकारचा उंबरठा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. घरातल्या जिन्याच्या दोन पायऱ्यांहून उंच असेल तर गुडघेदुखीवाल्याला दार असलेली साइडकारच हवी, किंवा मधे पाय ठेवायला घट्ट बसवलेली पायरी. सीटची बैठक फार खोल नको. आत बसणं सोपं असतं, उठणं अवघड. पुढे दोन्ही हातांनी धरायला दांडी पाहिजे. फोम पाणी शोषणारा नको आणि तळाला पाणी निघायची भोकं हवीत, नाहीतर जून ते सप्टेंबर सीट ओलीच. एक गैरसोय मात्र कुठल्याच साइडकारमध्ये टळत नाही: बसणारा बसच्या चाकाच्या उंचीवर असतो. धूर थेट तोंडावर येतो आणि उंच ट्रकवाल्याला तो दिसत नाही. पुढे काच, मागे रिफ्लेक्टर आणि डोक्याच्या वर जाणारी झेंड्याची काडी लावा. मुलं हसतील, हसू द्या.

जागेचं काय? रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते. स्पायडर आणि साइडकारवाली क्लासिक दोन्ही दीड मीटरच्या पुढे. सोसायटीच्या दुचाकी पार्किंगच्या पट्ट्यात यातलं काहीच बसत नाही, कमिटीशी आधी बोला. गोखले रोड आणि राम मारुती रोडवर संध्याकाळी दुचाकीसारखं फटीतून निघता येणार नाही, रिक्षामागे उभं राहावं लागेल. दुचाकी आणि तीनचाकी दोघांनाही अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे बंद, त्यामुळे तिथे कायद्याची पळवाट शोधण्यात अर्थ नाही.

अ‍ॅक्टिवाला दोन बाजूंना चाकं लावून घेतलेली स्कूटर अनेकांना तीनचाकी वाटते. ती खरं तर चार चाकांची आणि पायात अधूपण असलेल्यांसाठीची. त्या कामाला ती चांगलीच आहे. पण बाजूची चाकं जास्त खाली बसवली तर खड्ड्यात मागचं मुख्य चाक अधांतरी राहून नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही. मागे माणूस बसवायचा असेल तर किट लावणाऱ्याकडून चाकांची उंची त्या वजनावर ठरवून घ्या. नोंद आणि लायसन्स दोन्हींवर तसा उल्लेख लागतो.

तेव्हा बसणारी व्यक्ती साठीपुढची, साडीतली किंवा गुडघ्यांनी बेजार असेल तर डावीकडे साइडकार लावलेली क्लासिक. दोघंही तरुण, लांब जाणारे आणि खिसा खोल असेल तर स्पायडर आरटी, पण घराबाहेरचा उंचवटा आधी मोजून. रोजच्या ऑफिसच्या चकरा, भिवंडी बायपासचा चिखल आणि मागे कधीतरीच कुणी, तर झुकाव बंद करता येणारी एमपी३, सुटे भाग मिळण्याची खात्री असेल तरच.

आणि साइडकार घेतलीत तर तिच्या चाकाचं माप बाइकच्या एखाद्या चाकाशी जुळणारंच निवडा. त्या दोन चाकांना मिळून एकच जादा ट्यूब ठेवून भागतं, नाहीतर गायमुखच्या चढावर पंक्चर झालं की त्या मापाची ट्यूब शोधत मीरा रोडपर्यंत जावं लागतं. जॅकही बरोबर ठेवा. साइडकार जोडलेली बाइक मेन स्टँडवर चढत नाही, पंक्चरवाला तिच्याकडे बघत उभा राहतो.